खंडेनवमीची नोंद

“काका, नवमीला हे मशीन कुणी बंद केलं होतं?”

दिशाच्या स्वरात संशय नव्हता. पुण्याहून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या, आपल्या कामात रमून गेलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलीचे ते नुसते कुतूहल होते. तरीही त्या लहानशा खोलीत नोंदी सांभाळणाऱ्या दादाभाऊंनी ओठांशी नेलेला कप तसाच परत बशीवर टेकवला. रविवार होता. लोणीच्या रस्त्यावरचे ते धर्मादाय रुग्णालय बाहेरून निजल्यासारखे होते. ओसरीवर दोन म्हातारी माणसे पौषातल्या उन्हाला पाठ देऊन बसली होती. आत मात्र चोवीस वर्षांचे काहीतरी उचलून नेले जात होते. दिशाच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर एक हिरवी रेघ मुंगीच्या चालीने सरकत होती. ती रेघ शेवटाला पोहोचली की पंचक्रोशीतल्या बेचाळीस हजार माणसांच्या दुखण्यांच्या नोंदी या खोलीतून उठून कुठल्याशा दूरच्या शहरी, कुणा परक्या कंपनीच्या यंत्रांत जाऊन राहणार होत्या.

“नवमीला?” दादाभाऊ म्हणाले. “नवमीला लाईट गेली होती, ताई. एक फेज गेला होता.”

“नाही हो काका,” दिशा पडद्याकडे पाहतच म्हणाली. “लाईट गेली की मशीन धाडकन पडतं, त्याला काही लिहायला सवड मिळत नाही. इथे त्यानं सगळं लिहून ठेवलंय. दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी बंद करण्याचा हुकूम, मग एकेक काम आवरलं, मग निरोप. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पुन्हा सुरू. गेल्या तीनशे दिवसांत एवढं एकदाच. म्हणून विचारलं.” ती हसली. “छान सांभाळलंय तुम्ही. आमच्या पुण्यातल्या गिऱ्हाइकांची मशीनं आठवड्याला तीनदा कोसळतात.”

दादाभाऊंनी कप खाली ठेवला. यंत्राच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर हळदीचे एक पुसट बोट अजून होते. दिशाचे लक्ष तिकडे गेले नव्हते, आणि गेले असते तरी तिला त्याचा काही बोध झाला नसता. ते बोट त्यांनीच लावलेले होते. गेल्या आश्विनातल्या नवमीला, बारा वाजून सात मिनिटांच्या जरा आधी, अंघोळ करून, धुतलेला पंचा नेसून, पायताण उंबऱ्याबाहेर ठेवून ते या खोलीत आले होते. खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे, यंत्रे यांची पूजा करावी आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्यांना कामाला लावू नये, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. ते त्यांनी पाहिले होते. त्यांचे वडील येडगावच्या धरणावर दरवाजे उचलणाऱ्या यंत्राची राखण करीत. नवमीच्या दिवशी वडील त्या ग्रीसने काळ्या झालेल्या दातेरी चाकांना लिंबाच्या रसाने उजळीत, झेंडूची माळ घालीत आणि लहानग्या दादाभाऊला म्हणत, “आज ह्याला निजू दे. वरीसभर आपलं पानी उचलतंय.” खाली कुकडीचे पाणी भिंतीला टेकून स्वस्थ उभे असे. यंत्र एक दिवस निजले म्हणून काही बिघडत नसे. पाण्याला थांबता येते. त्या वयात दादाभाऊंना वाटे की जगातली प्रत्येक गोष्ट यंत्राची झोप पुरी होईपर्यंत अशीच थांबून राहत असेल.

रुग्णालयात ते लागले तेव्हा यंत्र नव्हतेच. पुठ्ठ्याच्या पिवळ्या कार्डांची लाकडी कपाटे होती. विश्वस्तांनी पहिला संगणक आणला तेव्हा सगळे कारकून त्याच्यापासून दोन हात लांब उभे राहिले, आणि दादाभाऊ पुढे झाले. रोज वीस कार्डे, असे करीत त्यांनी सहा वर्षांत सारी कपाटे त्यात उतरवली. पुढे ‘वर्ज्य औषधे’ असा एक नवा रकाना असावा, आणि तो भरलेला असला की रुग्णाचे नाव उघडताच पडद्यावर तांबडी चौकट यावी, ही सूचनाही त्यांचीच. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी सभेत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या तांबड्या चौकटीचा त्यांना अभिमान होता. घरी बायकोला, निर्मलेला, त्यांनी तिचे चित्र कागदावर काढून दाखवले होते, आणि “एवढ्या तांबड्यानं माणूस भ्यायचा की हो,” असे ती म्हणाली होती. गजराबाईच्या नावापुढची ती चौकट त्यांनीच भरली होती. दोन वर्षांपूर्वी एका इंजेक्शनाने तिच्या अंगावर गांधी उठून घसा आवळला होता, कशीबशी वाचली होती. मेंढपाळाची बायको, उंच, काटक, नाकात वजनदार नथ. बरी झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली होती, “भाऊ, माजं नाव नीट लिवा बरं का त्या पेटीत. मला त्या औशिदाचं नाव काय जिभंवर येत न्हाई.” आणि दादाभाऊ म्हणाले होते, “तुम्ही विसरा बाई. लक्षात ठेवायला हे आहे.”

“काका, इथे सही लागेल तुमची,” दिशा म्हणाली. जुन्या यंत्रातून सर्व माहिती काढून घेतल्याचा तो कागद होता. दादाभाऊंनी सही केली. या तीन महिन्यांतली ही त्यांची दुसरी सही. पहिली कार्तिकात केली होती, दोन ओळींच्या जबाबाखाली: विजेचा एक फेज गेल्याने संगणक बंद होता, सबब त्या वेळी रुग्णाची माहिती उपलब्ध होऊ शकली नाही.

त्या जबाबावरून मग सारे घडले. विश्वस्तांची सभा भरली. पुण्याच्या कंपनीचा एक गृहस्थ आला, आणि त्याने भिंतीवर चित्रे दाखवीत सांगितले की संस्था आपली माहिती क्लाउडवर का नेतात. तो बोलत होता तेव्हा दादाभाऊ मागच्या बाकावर बसून ऐकत होते. यंत्र आठ वर्षांचे, त्याचे सुटे भाग आता निघत नाहीत. चोरांसाठी ज्या फटी उघड्या राहतात त्या बुजवायला रोज कुणी जाणता माणूस हवा, आणि तसा माणूस लोणीत येऊन राहत नाही. माहितीची दुसरी प्रत कुठे असते? तर दादाभाऊंच्या कपाटात, त्याच छपराखाली. आग लागली तर दोन्ही एकदम जायच्या. ती प्रत उघडते की नाही हे कधी कुणी तपासून पाहिले आहे काय? कुणी नाही. सारे परवलीचे शब्द एका माणसाच्या डोक्यात आहेत. तो उद्या आजारी पडला तर? उलट क्लाउडवर ही सारी राखण कंपनीची माणसे करतात; एक यंत्र पडले तर त्या क्षणी दुसरे उठते; दार उघडायला किंवा लावायला कुणा एकाच्या हाताची गरज राहत नाही. तो गृहस्थ फार सभ्य होता. दादाभाऊंचे नाव त्याने एकदाही घेतले नाही, आणि तरीही दादाभाऊंना वाटत राहिले की भिंतीवरच्या प्रत्येक चित्रात आपलाच आकार काळ्या शाईने काढलेला आहे. अध्यक्ष गेणभाऊ शेवटी उठले. धोतराचा सोगा सावरीत म्हणाले, “मंडळी, मला ह्यातलं काय कळत न्हाई. पर एका फेजापायी आपल्या दारात बाई गेली. उंद्या आनखी कोन गेलं, तर गावाला काय तोंड दावायचं? न्या तिकडं क्लाउडात का फिलाउडात. तिथं तरी महावितरण न्हाई.” सगळे हसले होते. दादाभाऊही हसले होते. 

पण दादाभाऊंना ठाऊक होते की ज्या एका कारणाने सभेचे मन वळले ते खोटे होते, आणि बाकीची सारी खरी कारणे कुणी मनावर घेतली नव्हती.

नवमीला बाह्यरुग्ण विभाग बंद असे. अडीअडचणीला एक डॉक्टर आणि एक परिचारिका. त्या दिवशी डॉक्टर श्रेया होत्या; नव्याने लागलेल्या, शब्दाला जपणाऱ्या, कुणालाही एकेरीत न बोलणाऱ्या. चार वाजता त्यांचा फोन आला. दादाभाऊ जेवून नुकते आडवे झाले होते. तोंडात पुरणाची चव होती, वेलदोड्याची. “दादाभाऊ, सर्व्हर लागत नाहीये.” एवढेच त्या म्हणाल्या. कुणी आले आहे, कशासाठी आले आहे, काही नाही. आणि दादाभाऊंच्या डोळ्यांपुढे ती खोली आली: समईचा मंद उजेड, हळद-कुंकू वाहिलेले यंत्र, झेंडूची माळ, आणि त्यावर पसरलेली एक गाढ, पवित्र शांतता. ती मोडायची? दसऱ्याच्या पूजेआधी यंत्र जागे केले असे चोवीस वर्षांत घडले नव्हते. पण शिकल्यासवरल्या बाईला हे कसे सांगावे? त्या हसतील. हसणारही नाहीत कदाचित. त्यांच्या आदबशीर आवाजात ‘बरं’ म्हणतील, आणि ते ‘बरं’ जन्मभर पुरेल. हे सारे मनात येऊन जायला एक श्वास पुरला असेल. दुसऱ्या श्वासाला ते म्हणाले, “त्या खोलीचा फेज गेलाय, मॅडम. आजच्या दिवस कागदावर चालवा.”

कागद कोरा होता. गजराबाईच्या पायात कुंपणाची तार घुसून जखम चिघळली होती, ताप चढला होता. कुठलं औषध चालत नाही का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “समदं चालतंय. तुमच्या पेटीत हाय की लिवलेलं.” तिचा नवरा म्हस्कू मेंढरे सोडून येऊ शकला नव्हता, सोबत नवी सून होती, तिला काहीच ठाऊक नव्हते. दिवेलागणीला, इंजेक्शन दिल्यावर गजराबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा दादाभाऊ उद्याच्या दसऱ्यासाठी पाटावर आपट्याची पाने मांडीत होते. पुढे चौकशी करणारे म्हणाले की डॉक्टरांनी अधिक खोदून विचारायला हवे होते. सूनही तसेच म्हणाली, गावही तसेच म्हणाले. डॉक्टर श्रेया नोकरी सोडून गेल्या. जाण्याच्या दिवशी त्या या खोलीच्या उंबऱ्यापाशी आल्या, पायातले काढून आत आल्या, आणि म्हणाल्या, “ह्या खोलीची लाईन तेवढी दुरुस्त करून घ्या, दादाभाऊ. पुढे कुणाला असं व्हायला नको.” त्यांच्या डोळ्यांखाली निळसर वर्तुळे होती. दादाभाऊंनी मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून त्यांनी धडधाकट असलेली ती लाईन खरोखरच बदलून घेतली होती.

हिरवी रेघ शेवटाला पोहोचली. दिशाने हात वर ताणून आळस दिला. “झालं काका. सगळे पेशंट पोचले.”

“आणि ते?” दादाभाऊंनी विचारले. स्वतःचा आवाज त्यांना विहिरीतून आल्यासारखा वाटला. “यंत्रानं लिहिलेलं. कधी बंद, कधी सुरू. तेही जातं का तिकडे?”

“ते कशाला? आपण फक्त माहिती नेतो. मशीनची स्वतःची डायरी मशीनबरोबर जाते. चार वाजता डिस्क पुसून टाकणार, मग भंगारवाला येतोय.”

म्हणजे उरणार नव्हते. चार वाजले की जगात त्या बारा वाजून सात मिनिटांचा साक्षी म्हणून एकटे दादाभाऊ उरणार होते, आणि दादाभाऊंनी तोंड मिटले की ती वेळ कधी झालीच नव्हती असे होणार होते. क्षणभर अंगावरून गार वारा जावा तसा त्यांना सुटल्याचा अनुभव आला. मग त्या सुटण्याचीच त्यांना भीती वाटली. बायकोशेजारी, पंगतीत, देवळाच्या पायरीवर, सर्वत्र हे पुसलेले यंत्र आपल्या आत चालू राहील, आणि त्याला बंद करण्याचा हुकूम कुणापाशी नसेल. 

“ताई, त्या पानाची एक प्रत काढून दे. नवमीच्या.”

“आठवण म्हणून?” दिशा हसली. छपाईयंत्र कुरकुरले. कागद कोमट होता.

म्हस्कू पारगावच्या बाजूला, तोडून गेलेल्या उसाच्या रानात मेंढरे बसवून होता. दादाभाऊंनी गाडी बांधावर लावली तेव्हा ऊन पिवळे पडत होते. पाचटाचा आणि लोकरीचा कडवट वास हवेत होता. म्हातारा मेंढरांभोवती लावायच्या वाघरीच्या जाळीची एक तुटलेली गाठ वळीत उकिडवा बसला होता. त्याने वर पाहिले आणि लगबगीने घोंगडे झटकून पसरले.

“या पावनं, या. दवाखान्याचं भाऊ न्हवं तुमी? पेटीवालं?”

“होय. बसत नाही मी, म्हस्कूबा.”

“आसं कसं? बसल्याबगर कुनी बोलतंय व्हय? आरं, मानूस म्हनून तरी टेका. मेंढरं काय हसत न्हाईत.”

दादाभाऊ बसले. कागद पुढे केला. म्हस्कूने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि वाट पाहत राहिला. मग दादाभाऊंनी सांगितले. खाली पाहत, मध्ये न थांबता, एकही शब्द मऊ न करता सांगितले: फेज गेला नव्हता. मी बंद केले होते. पूजेसाठी. बाईंचे नाव त्यात होते, तांबड्या चौकटीत होते. मीच लिहिले होते. डॉक्टरांनी मला फोन केला आणि मी खोटे बोललो.

 जाळीतल्या एका मेंढीने खोकल्यासारखा आवाज केला. दादाभाऊ वाट पाहत होते. हा माणूस आता उठेल, शेजारची काठी उचलेल, उचलावी. तीन महिने त्यांचे सारे शरीर त्या एका घावासाठी आसुसलेले आहे, हे त्यांना आत्ता, या घोंगड्यावर कळत होते.

“नवमीला,” म्हस्कू सावकाश म्हणाला, “आमी बी कातर लोकरीला लावीत न्हाई. भंडारा लावून देवाम्होरं ठिवतो. मेंढरू लोकरीनं गुदमरलं तरी बी न्हाई.” त्याने कागद कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी परत दिला. “तुमी देवाचं केलं, भाऊ. तुमच्याकडं बोट न्हाई. देवाचं व्हतं म्हनूनच बंद व्हतं. मंग चूक कुनाची? त्या डाक्टरीनबाईचीच की. आमी म्हनतच व्हतो. ती शिकल्याली, तिला कळाया नगं?”

“नाही, म्हस्कूबा. तसं नाही. तिला मी—”

“ऱ्हाऊ द्या. तुमी नगा जिवाला लावून घिऊ.” म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, आणि त्या डोळ्यांत दादाभाऊंविषयी निखळ आदर होता. तो वाकला. दादाभाऊंनी पाय मागे घेण्याआधी त्याची खरबरीत बोटे त्यांच्या पावलांना लागली.

बांधावर येऊन दादाभाऊ गाडीच्या टाकीवर हात टेकून उभे राहिले.  ज्या शब्दांनी आपण कोसळायचे त्याच शब्दांनी दुसऱ्या कुणाला आणखी खोल पुरले होते, आणि आपण मात्र पूजनीय होऊन बाहेर आलो होतो. त्यांनी फोन काढला. डॉक्टर श्रेयांचा नंबर होता. तो कधी पुसला नव्हता, कधी लावलाही नव्हता. तिसऱ्या घंटीला श्रेयांनी उचलला.

“दादाभाऊ? बोला ना. कसे आहात?”

त्यांनी पुन्हा सांगितले. या वेळी शब्द लवकर संपले. पलीकडे कुठेतरी भांडे ठेवल्याचा आवाज झाला, मग दार लोटल्याचा. 

“मी थांबले होते,” श्रेया म्हणाल्या. आवाज तोच, आदबशीर. “तुम्ही म्हणालात फेज गेलाय, म्हणजे येईल असं वाटलं. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं. त्या बाई कण्हत होत्या, त्यांची सून मला ‘टोचा की’ म्हणून ओरडत होती. तरी पंधरा मिनिटं थांबले. दर मिनिटाला पडदा बघत होते.” मग त्यांनी विचारले, “तुम्ही कुठे होतात तेव्हा?”

“घरी.”

“घर किती लांब आहे तुमचं?”

समोर उसाचे रान मोकळे पडले होते. दादाभाऊंना प्रथमच त्या रस्त्याचे प्रत्येक वळण दिसले. पिंपळ, पाण्याची टाकी, शाळेची भिंत, रुग्णालयाचे फाटक.

“गाडीवर सात मिनिटं,” ते म्हणाले.

 पलीकडून फोन ठेवला गेला नव्हता. कुणीतरी हळूहळू श्वास घेत होते, आणि फोन कानाला लावून, त्या स्वतः ठेवतील तोवर तिथेच उभे राहण्याखेरीज दादाभाऊंना दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.